खिंडीवरची बाग

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या अलीकडे, रस्ता आता जिथं खोल खिंडीतून जातो, तिथं माझ्या लहानपणी एक लांबट टेकाड होतं. टेकाडाच्या मावळतीला आमची वस्ती आणि उगवतीला आगऱ्यांचं जुनं गाव. वस्तीतली घरं बहुतेक बौद्धांची. माझे वडील रंगाच्या कारखान्यात होते, शेजारचे दिव्यांच्या कारखान्यात, असंच सगळ्यांचं. गावातले लोक भात लावायचे आणि भात निघाल्यावर त्याच जमिनीत वाल, भेंडी, लाल माठ घ्यायचे. टेकाडावरून एक पायवाट होती. शाळा गावात होती, म्हणून आम्ही मुलं ती वाट चढून उतरायचो. स्मशान वस्तीच्या अंगाला नाल्याकाठी होतं, म्हणून गावातली माणसं त्यांची मयतं घेऊन तीच वाट चढून उतरायची.

त्या वाटेनं मावशी रोज भाजीची पाटी डोक्यावर घेऊन यायची. ती माझी सख्खी मावशी नव्हती. गावातली आगरी बाई, आईच्याच वयाची. माझा जन्म झाला तेव्हा आईला विषमज्वर झाला आणि तिचं दूध गेलं. त्या काळात वस्तीत डबाबंद दूध सहज मिळत नव्हतं, आणि मिळालेलं मला पचत नव्हतं. मावशीची स्वतःची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. एक दिवस भाजी द्यायला आलेली मावशी माझं रडणं ऐकून आत आली, पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि काही न विचारता मला पदराखाली घेतलं. आई बरी होईपर्यंत ती रोज येत राहिली. ही गोष्ट गावात कळली तेव्हा तिच्या सासूनं तिला बरेच दिवस चुलीजवळ येऊ दिलं नाही. महाराच्या पोरीला पाजलं म्हणून. हे मावशीनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आईला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं आणि मला तिनं माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. मला वाटतं, सासरी निघालेल्या मुलीला काहीतरी मोलाचं द्यावं म्हणून तिनं ते तेव्हा सांगितलं असावं.

रस्ता मोठा होणार हे कळलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. लग्नानंतर काही वर्षं मी विठ्ठलवाडीला राहिले, पण वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून नवरा आणि मी वस्तीतच राहायला आलो होतो. मी आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात होते. तिथं जायला धड रिक्षा मिळत नव्हती. रस्ता झाला की कंपनीची बस दारात येईल, बदलापूरला नवऱ्याचं दुकान जवळ पडेल, असं आम्ही बोलायचो. गावातल्या लोकांच्या जमिनी रस्त्यात जाणार होत्या, तरी त्यांच्यातही उरलेल्या जमिनीला किंमत येईल म्हणून आनंदच होता. रस्त्याला कोणी विरोध केला नाही.

फक्त रस्ता टेकाडावरून जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. तो टेकाड कापून गेला. भरलेले कंटेनर चढावर अडतात म्हणून खिंड पाडायची होती. मशीन आल्या, मुरूम ट्रक भरभरून गेला आणि दोन मजले खोल असा एक चर आमच्या आणि गावाच्या मध्ये पडला. तळाशी काँक्रीट, मध्ये कमरेएवढा दुभाजक. पलीकडे रिक्षानं जायचं तर पार पुढच्या वळणाला जाऊन उलटं फिरून यावं लागे. शाळेत जाणारी मुलं सहा महिन्यांत वस्तीच्या बाजूच्या दुसऱ्या शाळेत गेली. ज्यांना जाणं भागच होतं त्यांच्या पायांनी दोन्ही उतारांवर तिरप्या वाटा पाडल्या. खाली उतरायचं, गाड्या बघायच्या, दुभाजकापर्यंत पळायचं, तिथं थांबायचं, मग पुन्हा पळायचं.

मावशीनं भाजी विकणं सोडलं. तिचे गुडघे गेले होते, आणि पाटी घेऊन पळता येत नाही. सुरुवातीला ती संध्याकाळी पलीकडच्या काठावर यायची आणि आई अलीकडच्या. दोघी मोठ्यानं बोलायच्या. काय शिजवलं, सून कशी आहे, तुझा खोकला गेला का. रहदारी वाढली तसं ऐकू येईनासं झालं. मग नुसतं बघून हात करायच्या. पुढं मी आईला मोबाइल दिला आणि मावशीच्या नातवानं तिला दिला. पण दोघींनाही फोनवर बोलायची सवय नव्हती. एक म्हणायची, बरी आहेस ना, दुसरी म्हणायची, बरी आहे, आणि मग फोन तसाच चालू राहायचा.

मावशी आजारी पडली तेव्हा आई एकदाच रिक्षानं जाऊन आली. परत आली तेव्हा तिच्या पाठीत उसण भरली होती. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणत राहिली. एका सकाळी मावशीच्या सुनेचा फोन आला आणि ती नुसती रडत होती.

त्या दिवशी मी सुट्टी काढली. गावात कोणीतरी म्हणालं होतं, शववाहिनी बोलवू, वळणावरून फिरवून नेऊ. मावशीच्या नवऱ्यानं ऐकलं नाही. त्यांना मी काका म्हणते. आपल्या घरातलं प्रत्येक माणूस खांद्यावरून गेलं आहे, तीही खांद्यावरूनच जाईल, असं ते म्हणाले. आगऱ्यांत बायका स्मशानात जात नाहीत, आणि आईला रिक्षानं फिरून जायला वेळही नव्हता. ती आमच्या काठावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं.

पलीकडच्या उतारावरून तिरडी खाली आली. पुढं मावशीचा मुलगा मडकं धरून, मागं काका, मग खांदेकरी आणि माणसं. दोन तरुण आधीच रस्त्यावर उतरले होते. त्यांनी हात पसरून गावाच्या बाजूच्या तीन लेनची रहदारी थांबवली. तिरडी दुभाजकापर्यंत आली. ती दुभाजकावरून उचलून घेताना वेळ लागला आणि तोवर आमच्या बाजूच्या लेनमधून गाड्या सुसाट जातच राहिल्या. ते तरुण इकडं येऊन हात करत होते, पण वेगानं येणाऱ्या गाड्यांना ते दिसत नव्हते, किंवा दिसत असतील तरी थांबत नव्हते. मागच्या बाजूच्या गाड्याही हॉर्न वाजवून पुन्हा सुटल्या. मयत दुभाजकावर अडकलं. दोन्हीकडून गाड्या आणि मध्ये खांद्यावर मावशी. जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं तिच्यावरचं हिरवं लुगडं उडत होतं आणि काका ते पुन्हा पुन्हा दाबून बसवत होते.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझं लक्ष त्या लुगड्याकडे होतं. मी बघितलं तेव्हा आई माझ्याजवळ नव्हती. ती उतारावरून खाली चालली होती. पाठीची उसण, डाव्या पायाची सूज, काही नाही. मी हाका मारत मागं धावले. मी खाली पोचेपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध गेलेली होती. तिनं हात वर केले नव्हते. ती गाड्या येत होत्या त्या दिशेला तोंड करून, हात जोडून उभी होती. एक मोठा ट्रक आला. त्याचे ब्रेक लागल्याचा आवाज सगळ्या खिंडीत भरून राहिला. तो थांबला तो तिच्यापासून हातभर लांब. मागच्या गाड्या थांबल्या. ट्रकवाला खाली उतरला, शिवी देण्याच्या तयारीनं उतरला असावा, पण त्यानं तिरडी बघितली आणि डोक्यावरचं फडकं काढून बाजूला उभा राहिला.

मयत आमच्या बाजूला आलं. आईच्या जवळून गेलं तेव्हा तिनं मावशीच्या पायांना हात लावला. तेवढंच. मग मी तिला धरून वर आणलं. 

दहाव्याला आम्ही रिक्षानं गावात गेलो. काका ओट्यावर बसले होते. आईला बघून उठले, तिला बसायला पाट दिला. मग म्हणाले, "बाय, रस्त्यान उभी ठेवली तिला. जिती होती तवा कुठं उभी राह्यली नाय ती."

 येताना रिक्षात तिनं मला विचारलं, रस्त्याचं कोणाकडं असतं. मी म्हटलं, सरकारकडं. ती म्हणाली, सरकार म्हणजे कोण, कुठं बसतो तो माणूस.

तो माणूस कुठं बसतो हे आम्हाला शोधावं लागलं नाही. त्या वर्षी खिंडीत बरेच अपघात झाले होते आणि लोकांनी एकदा रस्ता अडवला होता. रस्त्याचं काम बघणाऱ्या खात्यानं पादचारी पूल करायचं ठरवलं आणि लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. वस्तीतले आले, गावातले आले, नवीन टॉवरमधलेही काही आले. पुलाचं चित्र भिंतीवर दाखवलं. लोखंडी पूल, दोन्ही बाजूंना जिने. लोक माना हलवत होते. काहीच नसण्यापेक्षा पूल बरा, असंच माझंही मत होतं.

आई उठून उभी राहील असं मला वाटलं नव्हतं. तिनं आयुष्यात कधी माइक धरला नव्हता, तेव्हाही धरला नाही. तिनं तिथूनच विचारलं, "ह्या जिन्यावरून मयत कसं न्यायचं?"

 कोणीतरी मागं हसलं आणि लगेच गप्प झालं. आईनं मग सावकाश सांगितलं. जिने तरुणांना चढता येतील. पण म्हातारीला चढता येणार नाहीत, पोटुशीला येणार नाहीत, सामान घेऊन येणार नाहीत. आणि माणूस मेल्यावर त्याला आडवंच न्यावं लागतं. आम्हाला उंच काही नको, आधी होती तशी वाट द्या. बोलता बोलता तिनं मावशीचं सांगितलं, दुभाजकावरचं सांगितलं. गावातले जे खांदेकरी होते ते तिथं बसलेले होते. त्यांनी माना खाली घातल्या.

खात्यातर्फे एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. सभेनंतर ती आईला म्हणाली, मला काठावर घेऊन चला. आम्ही तिला घेऊन गेलो. ती बराच वेळ खाली बघत राहिली, मग पलीकडच्या काठाकडं. तिनं आईला समजावलं की इथं रस्ता खाली आहे आणि दोन्ही काठ एका पातळीला आहेत, म्हणजे जिना चढायची गरजच नाही. मधल्या भागावर झाकण घातल्यासारखा रुंद स्लॅब टाकता येईल. त्यावर माती टाकली तर जमिनीसारखी जमीन होईल, लोकांना बसायला बागही होईल.

"होईल का पण?" आईनं विचारलं.

"होण्यासारखं आहे, आजी," ती म्हणाली. "होईलच असं मी आत्ता सांगू शकत नाही."

मला ती मुलगी आवडली ती यासाठी. आतापर्यंत आलेल्या प्रत्येकानं होईलच असं सांगितलं होतं.

मधली वर्षं सरकारी कचेऱ्यांत खेटे घालण्यात गेली. कधी साहेब बदलले, कधी आचारसंहिता लागली, कधी पैसे दुसऱ्या कामाला गेले. ती इंजिनिअर मुलगी मध्येच बदलून गेली, पण जाण्याआधी तिनं आराखडा पक्का करून वर पाठवला होता. वस्तीतले चार लोक आणि गावातले चार लोक एकत्र जायचे. माझ्या माहितीत वस्ती आणि गाव एका कामासाठी एका टेम्पोत बसून गेल्याची ती पहिलीच वेळ. आई दोनदा गेली, नंतर तिला झेपेना. काका प्रत्येक वेळी गेले. तिथं ते बोलत काही नसत. पांढरी टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसून राहायचे.

काम सुरू झालं तेव्हा आधी कोणाचा विश्वास बसला नाही. खिंडीच्या दोन्ही भिंती काँक्रीटच्या झाल्या. एका रविवारी पहाटे रहदारी दुसरीकडं वळवून मोठमोठे गर्डर क्रेननं चढवले. दोन्ही काठांवर माणसांची गर्दी जमली होती. पहिला गर्डर दोन्ही बाजूंना टेकला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते. पलीकडच्या काठावर मला काका दिसले. ते बसून होते.

स्लॅबवर माती आली ती गावाच्याच मागच्या शेतांतली. तिथं टॉवर उभा राहत होता आणि तळघरासाठी खोदलेली वरची काळी माती कंत्राटदारानं बागेसाठी घेतली. त्यातलं एक शेत काकांचं होतं. मुलांनी ते विकलं होतं. काका डंपर रिकामे होताना बघायला येत. कंत्राटदार उल्हासनगरचा सिंधी माणूस होता, हिंदीत बोलायचा. त्यानं काकांना एकदा खुर्ची देऊ केली. काका खुर्चीवर बसले नाहीत. खाली बसून त्यांनी हातात ढेकूळ घेतलं, फोडलं आणि हात झटकून घरी गेले. हे मला त्या कंत्राटदारानंच सांगितलं. तुम्हारे अंकल कुछ बोलते नहीं, असं तो म्हणाला.

बदलापूरच्या नर्सरीतून रोपं आली. नर्सरीवाला म्हणाला, माती उथळ आहे, खाली स्लॅब आहे, इथं वड-पिंपळ-निंब लावायचे नाहीत. कण्हेर, जास्वंद, अनंत, तगर, असलंच काय ते. मधून रुंद सपाट वाट, एवढी की चार माणसांनी खांद्यावर काही घेतलं तरी बाजूनं दुसरी माणसं चालतील. दोन्ही बाजूंना बाक. दोन्ही टोकांना फाटकं.

आणि मग नावावरून भांडण लागलं.

बागेला आमच्या वस्तीतल्या तरुणांना ते नाव द्यायचं होतं, ज्या नावामुळं आम्ही माणसांत आलो. गावातल्या तरुणांना ग्रामदेवीचं नाव द्यायचं होतं, कारण टेकाडावर पूर्वी देवीचा एक शेंदूर लावलेला दगड होता आणि तो खिंड पाडताना हलवला गेला. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबरच होतं. एका सकाळी आमच्या फाटकावर आमच्या नावाचा बॅनर लागला. दुसऱ्या दिवशी तो फाडलेला सापडला. गावच्या फाटकावर देवीच्या नावाची पाटी लागली, तीही उखडली गेली. मग दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली, पोलीस आले. नावाचा वाद मिटेपर्यंत बाग बंद, असं सांगून पालिकेनं दोन्ही फाटकांना कुलपं लावली.

बाग तयार होती. जास्वंदीला फुलं आली होती, ती जाळीतून दिसत. गवत वाढलं, बाकांवर पाला साचला. आणि माणसं खालून, नव्या भिंतींना वळसा घालून, खिंडीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा रस्ता ओलांडू लागली. आता तर जास्तच लांब जाऊन. माझ्या पॅकिंग खात्यात काम करणारी एक बाई वस्तीत राहायची, तिचं माहेर गावात नव्यानं आलेल्या चाळीत. आजारी आईला बघून परतताना तिला टेम्पोनं उडवलं. ती वाचली, पण तिचा पाय वाचला नाही. मी तिला बघायला उल्हासनगरच्या दवाखान्यात गेले. ती रडली नाही. मला म्हणाली, "वर बाग होती गं. मला वरून जाता आलं असतं."

हे मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तिनं काकांना फोन लावायला सांगितला. फोनवर कधी दोन वाक्यांपुढं न गेलेली माझी आई त्या दिवशी बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, "दादा, तुमच्या पोरांना तुम्ही सांगा. आमच्यांना मी सांगते."

ते किती अवघड होतं हे तेव्हा मला पूर्ण कळलं नव्हतं. परक्यांसमोर बोलणं वेगळं, आपल्या माणसांसमोर त्यांच्या विरुद्ध बोलणं वेगळं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आईनं बोलायची परवानगी मागितली. मी तिच्याशेजारी बसले होते. 

आई म्हणाली, "त्या नावानं मला अक्षर दिलं, अंगावर धड कपडा दिला. त्या नावासाठी मी जीव देईन. पण त्या नावाचं कुलूप मला बघवत नाही."

पुढं ती म्हणाली की नाव लावायचंच असेल तर शाळेला लावा, दवाखान्याला लावा, तिथं मी पुढं येईन. वाटेला नाव नसलं तरी चालतं. तिच्यावरून माणसं जाऊ द्या.

काही बायका रडल्या. काही तरुण उठून बाहेर गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, म्हातारी गावाला विकली गेली. वडिलांचे एक जुने मित्र, ज्यांच्या मांडीवर मी खेळले होते, त्यांनी त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं सोडलं. आई त्यांच्या घरी दोनदा गेली. त्यांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पण बोलले नाहीत. ते गेल्या वर्षी वारले. शेवटपर्यंत बोलले नाहीत. आईला त्याचं दुःख आहे. पण आपण चुकलो असं ती कधी म्हणाली नाही.

गावात काय झालं ते मला मावशीच्या सुनेकडून कळलं. काकांनी पोरांना देवळात बोलवलं. त्यांचा पुतण्याच पाटीच्या बाजूनं सगळ्यात पुढं होता. काका त्याला म्हणाले, "देवी रागवंल त माज्यावर रागवंल. पाटी मी काढलीय असं सांग तिला." मग ते स्वतः गेले आणि नव्यानं बनवून आणलेली पाटी पुतण्याच्या अंगणातून उचलून आपल्या घरात नेऊन ठेवली. पुतण्या वर्षभर त्यांच्या ओट्यावर चढला नाही.

त्यानंतरही लगेच काही झालं नाही. वस्तीचे आणि गावाचे लोक पालिकेत जाऊन, आम्हाला नाव नको, असं सांगून आले. कोणी पुढारी उद्घाटनाला यायला तयार होईना, कारण कोणा एकाच्या बाजूनं बोलता येणार नव्हतं. अखेर उद्घाटन झालंच नाही. एका सकाळी वॉचमननं येऊन दोन्ही फाटकं उघडली आणि खुर्ची टाकून बसला. फाटकावर नुसतं सार्वजनिक उद्यान असं लिहिलेलं आहे.

मला ते शेजारणीनं येऊन सांगितलं. मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, लुगडं बदलते. तिनं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं, केस विंचरले. आम्ही हळूहळू गेलो. फाटकातून आत पाऊल टाकताना तिनं खाली बघितलं. जमीन सपाट होती. पायाखाली रहदारीची बारीक घरघर लागत होती, पण आवाज वर येत नव्हता. मधोमध पोचलो तेव्हा समोरून काका येताना दिसले. टोपी, काठी, धोतर. ते थांबले. आईही थांबली.

ते म्हणाले, "चल बाय, घरा चल."

आई त्यांच्याबरोबर चालू लागली. मी दोन पावलं मागं. पलीकडच्या फाटकातून बाहेर पडलो, गावातल्या गल्लीतून गेलो. लोक ओट्यांवरून बघत होते. मावशीच्या सुनेनं आईला आत चुलीपाशी नेऊन बसवलं. आता तिथं गॅसची शेगडी आहे, पण त्या घरात अजून त्या खोलीला चुलीची खोली म्हणतात. तिनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. आई जेवली. काका बाहेरच बसले. जेवण झाल्यावर सुनेनं मावशीचा फोटो दाखवला, भिंतीवर हार घातलेला. आईनं फोटोकडं बघितलं आणि नजर वळवली. म्हणाली, "हा चेहरा तिचा नाही. ती अशी गप्प कधी बसायची?"

परत येताना बागेतल्या बाकावर आम्ही टेकलो. टॉवरमधली दोन लहान मुलं सायकली फिरवत होती. मी आईला विचारलं, बरं वाटलं का. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "जिच्याकडं जायचं होतं ती नाही. बरं काय वाटायचं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. 

आता बागेत सकाळी टॉवरमधले लोक चालायला येतात, संध्याकाळी वस्तीतल्या आणि गावातल्या बायका वेगवेगळ्या बाकांवर बसतात. एका बाकावर अजून क्वचितच बसतात. मुलं मात्र एकत्र खेळतात, आणि त्यांच्यातली काही पुन्हा गावातल्या शाळेत जाऊ लागली आहेत. माझ्या खात्यातली ती बाई कुबडी घेऊन रोज वरून जाते आणि आपल्या आईला बघून येते. काकांनी कोपऱ्यात वालाच्या बिया टोचल्या होत्या. माळी उपटून टाकतो, ते पुन्हा टोचतात. माळ्यानं माझ्याकडं तक्रार केली तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

आई आठवड्यातून एकदोनदा गावात जाते. काठी घेऊन, एकटी. सुनेजवळ बसते, कधी भाजी निवडून देते, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या घरी पाळणा हलला ते ऐकून येते आणि रात्री जेवताना मला सांगते. मी कामावरून दमून आलेली असते, अर्धं ऐकते, अर्धं नाही. ती सांगत राहते.